दुसऱ्या पिंपाचा वास

बर दुबईतल्या मीना बाजारातल्या टेलरने साडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "फॉल-पिको दो घंटे में, इन्शाल्ला." दोन तासांत मरीनाला घरी जाऊन परत येणं परवडत नाही, तेवढा वेळ मेट्रोतच जातो. म्हणून मी चालत सुटले. कापडाच्या दुकानांमागून, चहाच्या टपरीला वळसा घालून, मोठ्या रस्त्यापासून आत तिसऱ्या गल्लीत शिरले. इकडे यायचं असं ठरवलं नव्हतं. पण आले.

आता तिथे बॅगांचं दुकान आहे. चाकांच्या, कडक पाठीच्या बॅगा पार फूटपाथपर्यंत आलेल्या. दारातला पठाण म्हणाला, "आओ सिस्टर, थर्टी केजी वाला है, एकदम हल्का." मी म्हटलं, इथे पूर्वी दुसरं दुकान होतं. तो हसला. "होगा. मैं तो दो साल से हूँ."

माझ्या बाबांनी या जागेत बावीस वर्षं काढली. तेव्हा इथे काचेवर काळा कागद चिकटवलेला असे आणि दारावर फक्त एक छोटी पाटी. परवाना असलेलं दारूचं दुकान. एकवीस वर्षांखालच्या कुणाला आत प्रवेश नव्हता, त्यामुळे ज्या दुकानावर आमचं घर चाललं, ते मी लहानपणी आतून कधीच पाहिलं नाही. मला ते ठाऊक होतं बाबांच्या शर्टावरून.

आम्ही शेजारच्या शारजात राहायचो, रोल्ला भागाजवळ, चौथ्या मजल्यावर. शारजात दारूला बंदी. विकायची नाही, प्यायची नाही, घरात ठेवायचीही नाही. बाबा दुकानातून निघताना कोपरापर्यंत हात धूत. एखादी बाटली फुटून शिंतोडे उडाले असतील तर शर्ट बदलून येत. तरी घरात पाऊल टाकलं की त्यांच्याबरोबर एक वास यायचा. वर वर पुठ्ठ्याचा, खोक्यांचा. त्याखाली लाकडाचा. आणि अगदी खाली, नाक जवळ नेलं तरच कळेल असा, काहीतरी गोड. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. मी बाथरूममध्ये जाऊन बादलीवर वाकायची.

बाबा स्वतः पीत नव्हते. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दारूच्या दुकानातला न पिणारा माणूस म्हणून ते तिथल्या लोकांत प्रसिद्ध होते. पण नाक होतं. आजोबांची चिपळूणला लाकडाची वखार होती, आणि बाबा लहानपणी डोळे मिटून ऐन, किंजळ, साग, फणस ओळखायचे, नुसत्या भुशावरून. पावसात भिजलेला ओंडका आणि खाडीतून ओढत आणलेला ओंडका यांतला फरकही त्यांना कळायचा. ती वखार मी कधी पाहिली नाही. माझ्या जन्माआधीच ती गेली.

नवी व्हिस्की आली की दुकानात एक बाटली स्टाफसाठी उघडत. बाबा ग्लास नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे, बराच वेळ तसेच उभे राहायचे, आणि मग ग्लास शेजारी उभ्या जोसेफ अंकलला द्यायचे. जोसेफ अंकल त्रिशूरचे. ते म्हणायचे, "साळवी भाई सूंघता है, मैं पीता है. कंपनी का कुछ वेस्ट नहीं होता."

जेवताना बाबा कधी रंगात आले की सांगायचे. स्कॉच आधी एका जुन्या पिंपात झोपते, बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेल्या, ज्यात पूर्वी तिकडची बर्बन व्हिस्की होती. दहा वर्षं, बारा वर्षं. मग तिला उठवून दुसऱ्या पिंपात घालतात, शेवटचे काही महिने. त्या दुसऱ्या पिंपात आधी शेरी नाहीतर पोर्टसारखी वाइन राहून गेलेली असते, नाहीतर रम. "पिंप रिकामं असतं," बाबा म्हणायचे, "पण लाकूड काही विसरत नाही. जे प्यालंय ते हळूहळू परत देतं."

हे सुरू कसं झालं तेही त्यांनी कुठल्याशा माहितीपत्रकात वाचलं होतं, डिक्शनरी शेजारी घेऊन. स्पेनमधून जहाजांनी शेरी यायची ती पिंपांतून. शेरी संपली की पिंपं उरायची. स्कॉटलंडची माणसं काटकसरी. टाकून कशाला द्यायची म्हणून त्यांनी त्यांत व्हिस्की भरली. "कुणी चव शोधायला गेलं नव्हतं गं," बाबा आईला म्हणायचे. "तू लोणच्याच्या बरणीत पुढच्या वर्षी पुन्हा लोणचंच घालतेस ना, तसं."

आणि दर वर्षी पिंपातली थोडी व्हिस्की हवेत उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात, हे ऐकल्यावर आई पोळी लाटता लाटता थांबली होती.

"म्हणजे नैवेद्यच की!"

"तिकडे थंडी आहे म्हणून देव थोडक्यात भागवतात," बाबा म्हणाले. "इथल्या जुलैत पिंप ठेवलं असतं तर तळाला नुसती लाकडं राहिली असती."

मी सातवीत होते तेव्हा दुकानात टुरिस्ट वाढले. वरून फर्मान आलं की प्रत्येक चांगल्या बाटलीखाली एक छोटं कार्ड हवं, तिची चव कशी आहे ते सांगणारं. काम बाबांकडे आलं. त्यांना वास कळत होते, इंग्लिश येत नव्हतं. मला इंग्लिश येत होतं, आणि बाकी काही कळत नव्हतं.

तो रमजानचा महिना होता. दुकान दिवसा बंद, त्यामुळे बाबा दुपारी घरी. बाहेर ऊन पांढरं झालेलं, एसीची घरघर, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाबा डायनिंग टेबलाशी बसले, मला वही घेऊन बसवलं आणि डोळे मिटले. व्हिस्की समोर नव्हतीच. आदल्या रात्री दुकानात घेतलेला वास त्यांनी डोक्यात भरून आणला होता.

"लिही. आधी खारीक."

"ड्राय डेट्स?"

"हं. मग काळ्या मनुका. पण कोरड्या नाहीत, भिजत घातलेल्या, टपोऱ्या झालेल्या."

"सोक्ड रेझिन्स. बाबा, धिस इज इझी."

"आणि शेवटी..." ते अडखळले. नाक हवेत तसंच धरून म्हणाले, "अगं, जायफळाची डबी दे बघू."

आई ओट्यापासून वळली. "बारा वर्षांची पोर आहे ती. काय शिकवताय तिला?"

"वास शिकवतोय. दारू कुठाय घरात?"

आईने डबी टेबलावर आपटली. बाबांनी झाकण उघडलं, हुंगलं, मान हलवली. हे नाही. याच्या जवळचं काहीतरी. आई पाठ करून उभी होती. थोड्या वेळाने तशीच पाठमोरी म्हणाली, "जायपत्री असेल."

तिनेच डबा काढून दिला. बाबांनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आईला हसू आवरेना.

त्या दिवसापासून आम्ही तिघं होतो. आई डबे काढायची. सुंठ, बडीशेप, कोकम, काकवीची बाटली, गावाहून आलेली आंबापोळी, तुपात भाजलेला रवा. बाबा आठवणीतला वास डब्यातल्या वासाशी ताडून पाहायचे. मी शब्द शोधायचे. पोर्टच्या पिंपातून आलेली एक व्हिस्की होती, तिच्यासाठी बाबा म्हणाले, "करवंदं. काळी झालेली, पण देठाशी अजून चीक असलेली."

"व्हॉट इज करवंद?"

मग करवंद सांगताना त्यांना डोंगर सांगावा लागला, जाळी सांगावी लागली, ओरखडलेले हात, पानांचे द्रोण आणि ते विकायला येणाऱ्या बायकांच्या हाका सांगाव्या लागल्या. कार्डावर शेवटी फक्त "वाइल्ड बेरीज, अ लिटल स्टिकी" एवढंच गेलं. बाकीचं सगळं माझ्याकडे राहिलं.

घरात मराठीला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी मुलगी होते मी. शाळेत मराठी नव्हतं, बिल्डिंगमध्ये मराठी नव्हतं. माझी मराठी त्या टेबलावर झाली. खमंग, खरपूस, कुबट, उग्र, मंद, तुरट, कोंदट. भिजल्या मातीचा वास वेगळा आणि भिजल्या पोत्याचा वेगळा. इंग्लिशमध्ये त्या सगळ्याला माझ्याकडे एकच शब्द होता, 'नाइस'. चौदाव्या वर्षी चिपळूणला गेले तेव्हा काकांच्या परसात कुणीतरी रम केक कापावा तसा गुळाचा वास आला आणि मी ओरडले, "बाबा, हे रमचं पिंप!" गावी सांगितलेलं होतं की बाबा सुपरमार्केटमध्ये आहेत. आईने असा चिमटा काढला की खूण आठवडाभर होती.

मी दहावीत असताना दुकानाला नवा मॅनेजर आला. तरुण, हुशार, कामाचा. त्याने पहिल्याच महिन्यात बाबांना विचारलं, "हाऊ कॅन यू सेल व्हॉट यू डोन्ट ड्रिंक?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, असं बाबा नंतरही म्हणत. त्याने ठरवलं की काउंटरवर ज्यांना राहायचंय त्यांची परीक्षा घ्यायची. स्कॉटलंडहून एक ट्रेनर येणार होता. पाच ग्लास, लेबल नाही, कुठल्या पिंपातून आली ते लिहायचं. पाचातले चार बरोबर आले पाहिजेत. नाहीतर गोदामात बदली.

गोदामात पगार कमी. पगार कमी झाला की फॅमिली व्हिसा राहत नाही. मग बाबा इथे एकटे, आणि मी नि आई परत. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. आईने एका दुपारी माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसली, आणि पुन्हा वर ठेवली, त्यावरून कळलं.

परीक्षेच्या दिवशी शनिवार होता. आईला घरी बसवेना. आम्ही दोघी बाबांबरोबरच बर दुबईला आलो. आई गल्लीतल्या देवळात जाऊन आली आणि मग आम्ही खाडीच्या काठी अब्रा, त्या लाकडी होड्या, सुटतात तिथे बाकावर बसलो. ते देऊळ आता इथून हललंय, बाक मात्र आहेत. खाडीला डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता, पलीकडून मसाल्याच्या बाजाराचा वाऱ्यावर येई. अब्रा भरत होत्या, निघत होत्या. नावाडी ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" आईने प्रसादाची पुडी मुठीत धरली होती. दोन तास तिने ती सोडली नाही. मी विचारलं, "आई, नापास झाले तर?" ती म्हणाली, "तुझे बाबा खोटं लिहिणार नाहीत, एवढं मला माहितीय. बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

आत काय झालं ते जोसेफ अंकलनी सांगितलं. बाबांनी तसं कधीच सांगितलं नसतं.

बाकी सगळे घोट घेत होते, तोंडात घोळवत होते. बाबा फक्त हुंगत होते. पहिली शेरी, बरोबर. दुसरी रम, बरोबर. तिसरी पोर्ट, बरोबर. चौथी मदेरा नावाच्या वाइनच्या पिंपातली होती, बाबांनी शेरी लिहिलं. पाचवीशी ते सगळ्यात जास्त वेळ थांबले आणि कागदावर लिहिलं: नाव माहीत नाही. आंबट फळ, लाल, मीठ लावून उन्हात वाळत घातलेलं. ती रेड वाइनच्या पिंपातली होती. अंदाज ठोकला असता तरी कदाचित लागला असता. पण नाव माहीत नाही, म्हणून त्यांनी माहीत नाही असंच लिहिलं.

पाचांत तीन. जोसेफ अंकलना चार मिळाले. "मैं रो दिया, मालूम?" ते मला म्हणाले होते. "क्योंकि मैं दो में तुक्का मारा था."

बाबा ग्लास धुवायला उभे राहिले. मॅनेजर कागद आवरत होता. आणि तो ट्रेनर दुकानात फिरायला लागला. उंच, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा, ज्याचे वडील आयुष्यभर पिंपं बांधत होते. फिरता फिरता तो कपाटांपाशी वाकला. एक कार्ड वाचलं. दुसरं वाचलं. मग चष्मा लावून एका टोकापासून सगळीच वाचत आला. साठ-पासष्ट कार्डं, गोल गोल अक्षरातली.

"हू रोट दीज?"

बाबा घाबरले. शाळकरी मुलीने लिहिलीत म्हणजे काहीतरी नियम मोडला असणार असं त्यांना वाटलं. तरी म्हणाले, "सर, नोज इज माइन. इंग्लिश इज माय डॉटर. मसाला इज माय वाइफ."

ट्रेनरने एक कार्ड काढून हातात घेतलं. धुराच्या वासाची एक व्हिस्की होती, शेरीच्या पिंपात ठेवलेली. त्यावर मी लिहिलं होतं, 'लाइक स्टोन फ्लावर, फ्राइड विथ कोकोनट'. दगडफुलाला मला इंग्लिश शब्दच सापडला नव्हता, म्हणून मी सरळ दगड आणि फूल लिहून मोकळी झाले होते.

"व्हॉट इज धिस स्टोन फ्लावर?"

बाबांना सांगता येईना. ते म्हणाले, "टुमारो, सर."

बाबा बाहेर आले तेव्हा आम्ही बाकावरून उठलो. आईने त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तीनच आले." आईने पुडी उघडून त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. "खा आधी. सकाळपासून काही खाल्लं नाहीत." मग चालता चालता बाबा म्हणाले, "घरी दगडफूल आहे ना गं? चिमूटभर लागेल."

दुसऱ्या दिवशी बाबांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली ती पुडी ट्रेनरला दिली. काळपट, वाळलेल्या, कुरकुरीत पापडीसारख्या पाकळ्या. म्हातारा एका खोक्यावर बसला. त्याने हुंगलं, बोटांनी चुरलं, पुन्हा हुंगलं. मग म्हणाला, त्याच्या गावी, जिथे पिंपं ठेवतात त्या जुन्या गोदामाच्या दगडी भिंतीवर हेच उगवतं. लहानपणी वडिलांची वाट बघत तो त्या भिंतीला टेकून बसायचा. हे खातात, हे त्याला माहीत नव्हतं.

उठताना तो मॅनेजरला म्हणाला, "लीव्ह धिस मॅन व्हेअर ही इज." आणि पुडी खिशात घालून गेला. मॅनेजरनेही मोठ्या मनाने ऐकलं. पुढे वर्षभराने तो स्वतःच लोकांना सांगायचा, व्हिस्की घ्यायची तर साळवींना विचारा.

बाबा आणखी तेरा वर्षं तिथेच उभे राहिले. त्या तेरा वर्षांत माझं शिक्षण झालं, आणि पुढे मला एका अत्तराच्या कंपनीत नोकरी लागली. तिथे दिवसभर पट्ट्या हुंगून वास शब्दांत मांडायचे, एवढंच माझं काम. सहकारी विचारतात, कुठे शिकलीस? मी आता सरळ सांगते, शारजातल्या एका डायनिंग टेबलावर, दारूच्या दुकानासाठी कार्डं लिहिताना. पूर्वी मी सुपरमार्केट सांगायचे. त्याची लाज वाटते मला. त्या सुपरमार्केटची.

आज त्या गल्लीत बॅगांसमोर उभी असताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. काळ्या कागदामागे माझ्या बाबांनी बावीस वर्षं सचोटीने काढली, आणि ती वर्षं आम्हाला एकत्र राहायला मिळाली, तिघांना, एका छताखाली. आखातात ते सगळ्यांना मिळत नाही. त्या जागेला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत, थंडीचे दोन महिने. चार वाजता साडी घेऊन मी घरी पोचले तेव्हा बाबा बाल्कनीत बसून मरीनातल्या बोटी बघत होते. नवऱ्याला ऑफिसच्या कुणीतरी भेट दिलेली बाटली कपाटात होती. लेबल वाचलं, पोर्टच्या पिंपात ठेवलेली. मी एका ग्लासात थोडी ओतली आणि बाबांच्या हातात दिली.

त्यांनी सवयीने ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. आई मटार सोलत होती, तिचे हात थांबले. खाली एक बोट वळून गेली, पाणी हललं. बाबांनी ग्लास दुसऱ्या नाकपुडीशी नेला, पुन्हा पहिल्या. मग डोळे उघडले.

"काही येत नाही गं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुझ्या आईला माहितीय. तुला सांगितलं नव्हतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसले, त्यांच्या हातातला ग्लास घेतला, आणि डोळे मिटले.

"आधी लाकूड," मी म्हटलं. "जुनं, कोरडं, पण उन्हात तापलेलं. मग मध. पातळ नाही, तळाशी साखर धरलेला. आता मागून फळ येतंय. आंबट नाही, पिकून काळं पडलेलं. जांभळासारखं, पण जांभळाचा तुरटपणा नाही. आणि अगदी शेवटी, बाबा, नवा कोरा माठ असतो ना, पहिल्यांदा पाणी भरलेला, त्याचा."

बाबा बोटींकडे बघत ऐकत होते. माझं बोलणं थांबलं तसा त्यांनी खुर्चीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

"हं," ते म्हणाले. "आलं. अजून सांग."